दुखणं मोजायचं तर प्रश्न नीट कळायला हवा

ताप मोजायला थर्मामीटर आहे, रक्तदाब मोजायलाही यंत्र आहे. दुखणं मोजायचं यंत्र मात्र नाही. ते रुग्णालाच विचारावं लागतं. म्हणजे विचारलेला प्रश्न हेच इथं मोजायचं साधन. प्रश्न कळला नाही तर उत्तर चुकतं, आणि मग उपचारही चुकू शकतो. हे साधन दुसऱ्या भाषेत नेताना किती काळजी घ्यावी लागते, ते स्पेनमधल्या एका उदाहरणावरून पाहू.

प्रश्नावली कशाची?

गुडघ्याच्या वाटीखाली बोटानं दाबून पाहा. जाड दोरीसारखा भाग हाताला लागेल. ती कंडरा, डॉक्टर तिला टेंडन म्हणतात. ती वाटीला नडगीच्या हाडाशी जोडते. सतत उड्या मारणाऱ्या खेळाडूंची ही कंडरा दुखावते. त्यांच्यासाठी ऑस्ट्रेलियात 'व्हिसा-पी' नावाची 8 प्रश्नांची इंग्रजी प्रश्नावली तयार झाली. ती 1998 साली प्रसिद्ध झाली. न दुखता किती वेळ बसता येतं? जिना उतरताना दुखतं का? उकिडवं बसायला त्रास होतो का? असे साधे प्रश्न. गुण 0 ते 100. शंभर म्हणजे काहीच त्रास नाही. गुण जितके कमी, तितका त्रास जास्त.

भाषांतराच्या पायऱ्या

अशा कामाची ठरलेली पद्धत आहे.

1. दोन जण वेगवेगळे बसून भाषांतर करतात.
2. दोन्ही जुळवून एक मसुदा होतो.
3. मूळ प्रश्न न पाहिलेले लोक तो मसुदा पुन्हा इंग्रजीत आणतात. अर्थ कुठे निसटला, ते इथं उघड होतं.
4. जाणकारांची समिती शब्द न् शब्द तपासते.
5. काही लोकांना प्रश्न देऊन विचारतात, "यातून तुम्हाला काय समजलं?"

भाषांतरानंतर पारख

स्पॅनिश व्हिसा-पीचा अभ्यास 2011 साली प्रसिद्ध झाला. 150 जणांकडून ती भरून घेतली होती. त्यात निरोगी विद्यार्थी होते, हा धोका असलेल्या खेळांचे खेळाडू होते, कंडरेचे रुग्ण होते आणि गुडघ्याच्या इतर दुखापतींचे रुग्णही होते. अशा पारखीत तीन गोष्टी पाहतात. निरोगी आणि आजारी यांच्या गुणांत फरक दिसतो का? दुखणं तसंच असताना थोड्या दिवसांनी पुन्हा विचारलं, तर गुण तेवढेच येतात का? उपचारानं बरं वाटल्यावर गुण वाढतात का? वजनकाटाही आपण असाच पारखतो.

शब्द जुळले, जगणं जुळलं का?

या प्रश्नावलीतले शेवटचे दोन प्रश्न खेळ आणि सरावाबद्दल आहेत. 100 पैकी 40 गुण त्यांचेच. खेळाडूसाठी ते योग्यच आहे. पण दिवसभर जिने चढून-उतरून धुणीभांडी करणाऱ्या बाईचा गुडघा दुखत असेल, तर तिला ते 40 गुण कसे द्यायचे? भाषा कितीही सोपी केली, तरी ज्यांच्यासाठी साधन पारखलं, त्यांचंच मोजमाप त्यानं नीट होतं.

आपण काय करायचं?

आपल्याकडेही फॉर्मवर 'ताठरपणा' लिहिलेलं असतं, आणि घरात आपण म्हणतो, "सकाळी पाय आखडतो." ठणका वेगळा, कळ वेगळी, चमक वेगळी. दवाखान्यात आपलाच शब्द वापरा. कुठे दुखतं, कोणतं काम करताना दुखतं, किती वेळानं थांबतं, हे सांगा. प्रश्न कळला नाही तर मान डोलावू नका. "पुन्हा सांगा" म्हणा. सोबत गेलेल्यांनी रुग्णाच्या वतीनं उत्तर देऊ नये. दुखणं ज्याचं, उत्तर त्याचंच हवं.