सत्तरीत दमा? पंपाची धास्ती नको

प्रश्न : माझे वय ७१. वर्षभर पहाटे खोकल्याची उबळ येते, छातीत घरघर होते. डॉक्टरांनी दमा सांगून स्टेरॉइडचा पंप रोज दोनदा घ्यायला दिला. या वयात दमा होतो? पंपाची सवय लागते म्हणतात, म्हणून त्रास झाला तरच घेते. चालेल ना?
– एक वाचक, सातारा

उत्तर : काकू, नाही चालणार. दमा साठीनंतरही पहिल्यांदा होऊ शकतो. प्रतिकारशक्ती नको तेवढी चेतवली जाऊन श्वासनलिकांना आतून सूज येते आणि त्रास नसतानाही ती टिकते. म्हणून पंप रोजच घ्या. त्याची सवय लागत नाही. मात्रा मायक्रोग्रॅममध्ये, गोळीपेक्षा फारच थोडी असते. नंतर चूळ भरून पाणी थुंका, नाहीतर तोंडात बुरशी धरते. पंप दाबणे आणि श्वास ओढणे एकदम जमत नसेल (बहुतेकांचे इथेच चुकते!) तर स्पेसर (पंपाला जोडायची पोकळ नळी) घ्या.

काचबिंदूसाठी टिमोलॉलचे थेंब घालत असाल तर डॉक्टरांना जरूर सांगा. त्याने दमा बळावतो. आडवे पडल्यावर धाप लागते, पाय सुजतात? मग हृदयाचीही तपासणी हवी. स्पायरोमेट्री (फुंकर मारून करायची फुप्फुसांची तपासणी) झाली नसेल तर करून घ्या. बोलताना वाक्य पुरे होण्याआधी धाप लागली, तर थेट रुग्णालय गाठा.