पूर्वजन्माची भाषा आणि विज्ञानाची कसोटी

ऊर्जेच्या अक्षय्यतेचा नियम शिकवून झाला की वर्गातून बहुधा एक प्रश्न येतोच. "सर, ऊर्जा जर नष्ट होत नाही, तर माणूस मेल्यावर त्याचे चैतन्य जाते कोठे?" आमच्या नवी मुंबईत देशाच्या नाना भागांतून आलेल्या कुटुंबांची मुले एका बाकावर बसतात, पण हा प्रश्न सर्वांचा सारखाच असतो. त्यामागे बहुतेक वेळा असा तर्क दडलेला असतो, की भौतिकशास्त्रानेच पुनर्जन्म सिद्ध केला आहे. तेव्हा आधी ऊर्जेचा हिशेबच मांडून पाहू या.

निवांत बसलेल्या माणसाचे शरीर सुमारे १०० वॅट दराने उष्णता बाहेर टाकते. त्यातला सुमारे २० वॅटचा वाटा एकट्या मेंदूचा. ही सगळी ऊर्जा भाजीभाकरीतून येते. मृत्यूनंतर हा व्यवहार थांबतो आणि शरीर निवू लागते. समजा, ६० किलोग्रॅम वजनाचे शरीर ३७ अंश सेल्सिअसवरून ३० अंशांवर आले. शरीराची विशिष्ट उष्णता दर किलोग्रॅमला, दर अंशाला ३५०० ज्यूल धरली, तर बाहेर पडलेली उष्णता सुमारे १५ लाख ज्यूल भरते. घरच्या विजेच्या मीटरवर हे अर्धे युनिटसुद्धा होत नाही! स्नायूंत व चरबीत साठलेली रासायनिक ऊर्जा पुढे चितेत किंवा मातीत मोकळी होते. अक्षय्यतेचा नियम येथे पुरता पाळला जातो, आणि त्यासाठी आत्म्याच्या नावाने वेगळे खाते उघडावे लागत नाही.

पण याचा अर्थ चैतन्य संपते असे सिद्ध झाले, असाही नव्हे. तो नियम या बाबतीत काही बोलतच नाही, एवढेच. एखादी ध्वनिफीत जाळली तर ऊर्जा टिकते, गाणे टिकत नाही. कारण गाणे म्हणजे ऊर्जा नव्हे, फितीवरील चुंबकीय कणांची ती विशिष्ट मांडणी आहे. आपली स्मृतीही मेंदूतील चेतापेशींच्या परस्पर जोडण्यांच्या मांडणीवर अवलंबून असते, असे आजचे विज्ञान सांगते. अल्झायमरच्या रोगात मेंदूची झीज होते, तेव्हा माणूस जिवंत असतानाच स्वतःच्या मुलांची नावे विसरतो. मग सगळा मेंदू गेल्यावर स्मृती टिकते असे जो म्हणेल, त्याने ती टिकलेली स्मृतीच पुढे ठेवली पाहिजे.

अशी स्मृती पुढे ठेवल्याचा एक दावा आपल्या महाराष्ट्रातच झाला आणि त्याची चर्चा जगभर झाली. १९७४ साली नागपूर येथील एक अविवाहित मराठी प्राध्यापिका अधूनमधून वेगळ्याच व्यक्तीसारख्या वागू लागल्या. त्या अवस्थेत त्या स्वतःला शारदा म्हणवीत, बंगाली पद्धतीने साडी नेसत आणि बंगाली बोलत. घरच्यांना त्या ओळखत नसत. त्यांच्या सांगण्यावरून शारदेचा काळ एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीचा ठरत होता आणि तिचा मृत्यू सर्पदंशाने झाला होता. अमेरिकेतील व्हर्जिनिया विद्यापीठातले मनोविकारतज्ज्ञ डॉ. इयान स्टीव्हन्सन, भारतातील डॉ. सतवंत पसरीचा आणि प्रा. व्ही. व्ही. अकोलकर यांनी या प्रकरणाचा अभ्यास केला. शारदेने सांगितलेली पुरुष नातलगांची काही नावे बंगालमधील एका चट्टोपाध्याय घराण्याच्या वंशावळीत सापडली. मात्र त्या वंशावळीत शारदेचे नाव नाही.

स्टीव्हन्सन यांना नावांपेक्षा भाषा अधिक मोलाची वाटली, आणि तेथे त्यांचे म्हणणे विचार करण्याजोगे आहे. नावे, गावे, तारखा ही माहिती असते. ती कोठेतरी ऐकलेली, वाचलेली असू शकते. भाषा बोलणे मात्र सायकल चालवण्यासारखे कौशल्य आहे. ते सरावावाचून येत नाही. न शिकलेली भाषा कोणी खरोखर बोलून दाखवली, तर आपल्याला विचारात पडावेच लागेल.

प्रश्न आहे तो 'न शिकलेली' या शब्दाचा. या बाईंनी पूर्वी थोडी बंगाली लिपी व वाचन शिकून घेतले होते, संस्कृतशी त्यांचा परिचय होता आणि मराठीत अनुवादित झालेले बंगाली साहित्य त्यांनी वाचले होते. शिवाय मराठी व बंगाली या बहिणी आहेत. हात, नाक, कान, भात, घर हे शब्द दोन्हींकडे आहेत. उच्चारात काय तो फरक. त्यामुळे ओळखीच्या शब्दांची संख्या मोजून येथे फार काही कळणार नाही. कसोटी लावायची ती व्याकरणाच्या बारीक जागी. उदाहरणार्थ, बंगालीत 'एक पुस्तक' म्हणताना संख्येला 'टा' जोडून 'एकटा बोइ' म्हणतात. (आपल्याला ते पुस्तक एकटे पडल्यासारखे वाटते!) वरवर शिकलेला मराठी माणूस हा 'टा' हमखास विसरेल. शारदेचे बोलणे ऐकणाऱ्या जाणकारांत तिच्या बंगालीच्या दर्जाबद्दल एकमत झाले नाही. स्टीव्हन्सन यांच्या भाषाविषयक पुराव्यावर अमेरिकन भाषाशास्त्रज्ञ सारा थॉमसन यांनी कडक टीका केली.

माझ्या मते मुख्य उणीव तुलनेची आहे. तेवढीच बंगाली शिकलेली, तेवढेच वाचन असलेली दुसरी मराठी व्यक्ती किती बोलू शकते, हे शेजारी ठेवल्यावाचून शारदेचे बोलणे असाधारण होते की नाही, हे ठरवायचे कशावरून? कोणी ढोंग केले असे येथे मुळीच म्हणायचे नाही. विसरलेली शिकवण मनाच्या तळाशी राहून वेगळ्या अवस्थेत वर येते, हे मानसशास्त्राला परिचित आहे. अशा व्यक्तीला गरज असते ती वैद्याची आणि समजूतदार माणसांची. दुर्दैवाने तिच्याभोवती गर्दी जमते, आणि पूर्वजन्मीचे नाते सांगून स्त्रियांना नादी लावणारे भोंदूही समाजात असतात. महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यात अशा शोषणाचा गुन्हा म्हणून उल्लेख करावा लागला, तो उगीच नव्हे.

मग या प्रश्नावर प्रयोग करताच येणार नाही का? येतो, पण उत्तर आधीच लिहून बंद करून ठेवावे लागते. हृदय थांबून पुन्हा सुरू झालेले काही रुग्ण सांगतात, "मी छतापाशी तरंगत खाली पाहत होतो." हे तपासण्यासाठी डॉ. सॅम पार्निया यांच्या गटाने १५ रुग्णालयांत उंच फळ्यांवर, फक्त वरूनच दिसतील अशी चित्रे ठेवली. २०१४ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. २०६० घटनांपैकी वाचलेल्या १४० जणांच्या मुलाखती झाल्या. पाहिल्या-ऐकल्याची स्पष्ट आठवण दोघांनाच होती, आणि त्या दोघांचीही हृदये फळी नसलेल्या जागी थांबली होती! प्रयोगाची रचना चांगली होती. उत्तर मात्र ना होकारार्थी, ना नकारार्थी.

स्टीव्हन्सन यांनीही असाच एक प्रयोग स्वतःवर करून ठेवला होता. त्यांनी आकडे जुळवून उघडायचे एक कुलूप घेतले, त्या आकड्यांची खूण असलेला गुप्त शब्द मनातच ठेवला आणि कुलूप कार्यालयातील कपाटात ठेवून दिले. मृत्यूनंतर आपले अस्तित्व राहिले, तर तो शब्द कोणाला तरी कळवायचा, असा बेत होता. फेब्रुवारी २००७ मध्ये ते वारले. ते कुलूप कोणी उघडल्याची नोंद नाही.