बिल भरले, की फक्त लिहिले?



गेल्या जून महिन्यात चर्चच्या वीजबिलाच्या थकबाकीची नोटीस आली होती, हे तुमच्यापैकी बऱ्याच जणांना ठाऊक आहे. वीज कायदा २००३ च्या कलम ५६ नुसार जोडणी तोडण्यापूर्वी किमान पंधरा दिवसांची लेखी नोटीस द्यावी लागते. त्यामुळे अंधारात मिस्सा करण्याची वेळ आली नाही. दुसऱ्याच दिवशी पैसे भरले. पण त्यानंतरचे दोन रविवार चर्चच्या आवारात जे बोलले गेले, ते माझ्याही कानावर आले. ‘हिशेबात बिल भरलेले दिसते, मग पैसे गेले कुठे?’ हा प्रश्न विचारण्याचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. तो आपल्या खजिनदारांच्या पाठीमागे विचारला गेला, याचे मात्र वाईट वाटले.

पैसे कुठेही गेले नव्हते. ते बँकेतच होते. चूक हिशेब लिहिण्याच्या पद्धतीत होती आणि त्या पद्धतीला मान्यता देणारी सही माझी होती. म्हणून आज नेहमीच्या धर्मशिक्षणाऐवजी थोडे हिशेबशिक्षण.

आपले हिशेब संगणकावर टॅलीमध्ये लिहिले जातात. दर महिन्याला तीच तीच नोंद करण्याचा त्रास वाचावा म्हणून एप्रिलमध्ये आपण वर्षभराच्या वीजबिलांच्या बारा नोंदी एकदम करून ठेवल्या, प्रत्येकी ९,४०० रुपयांच्या. अशा पुढच्या तारखेच्या नोंदीला ‘पोस्ट-डेटेड’ म्हणतात. कंट्रोल आणि टी ही बटणे दाबली की ती तशी होते. तिचा गुण असा, की तारीख येईपर्यंत ती हिशेबात धरली जात नाही. आणि तिचा धोकाही तोच: तारीख आली, की ती कोणालाही न विचारता हिशेबात शिरते. २० मे उजाडला आणि आपल्या वहीत बँकेची शिल्लक ९,४०० रुपयांनी कमी झाली. धनादेश लिहायला बसलेल्याने वही पाहिली, तिथे बिल भरलेले दिसले, आणि त्याने वही मिटली. प्रत्यक्षात ते बिल आले होते १३,१५० रुपयांचे. मे महिना, लग्ने, प्रथम कम्युनियन, दिवसभर पंखे. म्हणजे रक्कमही चुकीची आणि भरणाही झालेला नाही.

सेमिनरीत आम्हाला ॲरिस्टॉटल शिकवताना संभाव्य आणि प्रत्यक्ष यांतला फरक घोटून घेतला होता. बी म्हणजे झाड नव्हे. झाड होण्याची शक्यता तेवढी तिच्यात असते. तो धडा एक दिवस वीजबिलासाठी उपयोगी पडेल, असे आमच्या प्राध्यापकांना वाटले नसेल. एप्रिलमधली नोंद ही बी होती. आम्ही तिला झाड समजलो.

आता बदल काय केला ते सांगतो. बिल येणे आणि बिल भरणे या दोन घटना आहेत, म्हणून त्यांच्या नोंदीही दोन. बिल हातात आले, की पहिली नोंद: विजेचा खर्च नावे, वीज कंपनी जमा. याचा अर्थ एवढाच, की आपण कंपनीचे इतके देणे लागतो. त्या नोंदीत बिलाचा क्रमांक लिहायचाच, म्हणजे तेच बिल दोनदा भरले जाणार नाही. पैसे प्रत्यक्ष दिल्यावर दुसरी नोंद: वीज कंपनी नावे, बँक जमा. या दोहोंच्या मधल्या काळात देण्यांच्या यादीत वीज कंपनीचे नाव दिसत राहते. ते दिसत राहावे, हाच हेतू आहे. अर्थसमितीच्या दर बैठकीत ही यादी मोठ्याने वाचली जाईल.

मग दरमहा येणाऱ्या बिलांची सोय सोडून द्यायची का? नाही. इंटरनेटसारखी ठरलेल्या रकमेची बिले असतील, तर मागच्या महिन्याची नोंद ऑल्ट आणि २ दाबून जशीच्या तशी पुन्हा घेता येते. तारीख आणि बिल क्रमांक तेवढा बदलायचा. वीज-पाण्यासारख्या बदलत्या बिलांची नोंद आधी करून ठेवायचीच असेल, तर ती ‘ऑप्शनल’ ठेवायची, कंट्रोल आणि एल दाबून. अशी नोंद आठवण म्हणून पडून राहते. माणसाने बिल पाहून, आकडा दुरुस्त करून तिला पक्की केल्याशिवाय ती हिशेबात येत नाही. खरी भीती वर्षातून एकदाच येणाऱ्या बिलांची आहे. चर्चच्या इमारतीचा विमा कोणालाच आठवत नाही. त्याची तारीख आता कार्यालयाच्या भिंतीवर लावली आहे, ठळक अक्षरांत. संगणकापेक्षा भिंतीवर माझा अधिक विश्वास आहे.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे बँकेच्या उताऱ्याशी ताळमेळ. वहीतल्या प्रत्येक भरण्यासमोर तो बँकेतून केव्हा गेला, ती तारीख भरायची. हे काम मे अखेरीस केले असते, तर २० तारखेच्या ओळीसमोरची जागा रिकामी दिसली असती आणि नोटीस आलीच नसती. आम्ही ते तीन महिन्यांतून एकदा करत होतो. आता दरमहा होईल, आणि नोंदी करणारी व्यक्ती व ताळमेळ घेणारी व्यक्ती वेगळी असेल.

हा कोणावर अविश्वास नाही. संत पौलाने यरुशलेमच्या गरिबांसाठी वर्गणी जमवली, तेव्हा ती एकट्याने नेली नाही. तीताबरोबर आणखी दोन बंधूंना पाठवले, कोणी बोट दाखवू नये म्हणून (करिंथकरांस दुसरे पत्र, अध्याय ८). एवढ्या मोठ्या प्रेषिताला साक्षीदार हवासा वाटला. आपण मात्र सारा भार एका निवृत्त गृहस्थांवर टाकला, तेही बिनपगारी, आणि चूक झाल्यावर कुजबुजलो. कॅनन लॉ प्रत्येक धर्मग्रामात अर्थसमिती असलीच पाहिजे असे सांगतो (५३७), जमाखर्चाच्या वह्या नीट ठेवायला सांगतो (१२८४) आणि भाविकांनी दिलेल्या दानाचा हिशेब भाविकांना द्यायला सांगतो (१२८७). तिसऱ्या बाबतीत आपण वर्षातून एकदा मिस्सानंतर घाईघाईने दोन आकडे वाचतो. तेवढे पुरेसे नाही, हे मी मान्य करतो.

जून महिन्याचा ताळमेळ आणि देण्यांची यादी सूचनाफलकावर लावली आहे. खजिनदारांनी राजीनामा दिला होता. तो मी स्वीकारलेला नाही. ताळमेळाच्या कामासाठी बँकेत किंवा हिशेब खात्यात काम केलेली एक व्यक्ती हवी आहे, महिन्यातून एक संध्याकाळ. येत्या रविवारी दुसऱ्या मिस्सानंतर मी आणि खजिनदार दोघेही कार्यालयात बसणार आहोत. ज्यांना वही पाहायची आहे, त्यांनीही यावे.

तुमचा धर्मगुरू