रिकामी खुर्ची आणि शिलालेखाची भाषा : अत्याचारग्रस्त स्त्रियांचे स्मारक, जालन्याच्या संदर्भात

स्मारक ही केवळ शिल्पकृती नसते. समाजाने कोणाचे दुःख सार्वजनिक मानले, याचा तो पुरावा असतो. या दृष्टीने हैदराबाद मुक्तिसंग्रामाची स्मृती तपासण्याजोगी आहे. जालना जिल्हा १९८१ साली अस्तित्वात आला. १९४८ मध्ये हा भूभाग प्रामुख्याने निजामी राज्याच्या औरंगाबाद जिल्ह्यात मोडत होता.

या स्मृतीत स्त्रीला स्थान आहे, ते वीरांगना म्हणून. बदनापूर तालुक्यातील धोपटेश्वरच्या दगडाबाई शेळके रझाकारांशी झुंजल्या. त्यांचा गौरव यथोचितच होय. परंतु जिच्या हाती शस्त्र नव्हते आणि जिच्यावर अत्याचार झाला, ती मात्र या स्मृतीबाहेर राहिली. रझाकारांचे अत्याचार कथन होतात, तेही बहुधा समूहाच्या अपमानाची कथा म्हणून. सप्टेंबर १९४८ च्या पोलीस कारवाईनंतर मुस्लिम स्त्रियांवर झालेले बलात्कार व त्यांची अपहरणे सुंदरलाल समितीने नोंदविली. तो अहवाल शासनाने दीर्घकाळ प्रकाशित केला नाही.

अन्यत्र या मौनाला शिल्परूप लाभले आहे. किम हाक-सुन यांनी १९९१ साली जपानी सैन्याच्या अत्याचारांविषयी जाहीर साक्ष दिली. पुढे १४ डिसेंबर २०११ रोजी सोल येथे जपानी वकिलातीसमोर किम सो-क्यंग व किम उन-सुंग या शिल्पकार दांपत्याची कृती उभी राहिली. खुर्चीवर बसलेली अनवाणी मुलगी, भूमीला न टेकलेल्या टाचा आणि शेजारी एक रिकामी खुर्ची, एवढाच तिचा आशय. अत्याचाराचे दृश्य तीत नाही. पाहणाऱ्यास शेजारी बसण्याचे आवाहन आहे. कोसोव्होतील प्रिश्टिना येथे २०१५ साली उभारलेल्या ‘हिरोइनात’ स्मारकात सुमारे २० हजार पदकाकृतींतून एकच स्त्रीमुख साकारते. येथे संख्या बोलते; नाव गुप्त राहते.

मराठीपुढील अडचण मात्र शिल्पाच्या आधी शब्दाची आहे. ‘अब्रू लुटली’, ‘शील भ्रष्ट झाले’ हे रूढ वाक्प्रयोग गुन्हा अत्याचाऱ्याचा असूनही कलंक स्त्रीच्या माथी मारतात. अशा भाषेतील शिलालेख सन्मानाऐवजी अवहेलनाच कोरील. म्हणून उद्या जालन्यात असे स्मारक व्हावयाचे तर त्याची प्रथम अट निष्कलंक शब्दांची, आणि दुसरी, त्या रिकाम्या खुर्चीवर कोणत्या धर्माची स्त्री बसावी, हे न ठरविण्याची होय.