क्लोरिनच्या यंत्रातील पांढरे पुट

पाणी तापवण्याच्या बंबात किंवा विजेच्या हीटरच्या कांडीवर बसलेला पांढरा, खरखरीत थर तुम्ही पाहिला असेल. आमच्या नंदुरबार जिल्ह्याचा बराचसा भाग बेसॉल्ट खडकाचा. हा खडक झिजताना कॅल्शियम व मॅग्नेशियम पाण्यात उतरतात आणि विहिरीचे पाणी दुष्फेन होते. ते तापवले, की कॅल्शियम कार्बोनेट वेगळे होऊन भांड्याला चिकटते. इतके पाठ्यपुस्तकात आहेच.

पण पाणी न तापवताही असेच पुट एका यंत्रात बसते. मिठाच्या पाण्यातून वीज सोडून क्लोरिन बनवण्याचे हे यंत्र. पोहण्याच्या तलावात दर लिटरला सुमारे ३ ते ४ ग्रॅम मीठ घालून ते चालवतात. पिण्याच्या पाण्यासाठीही याच तत्त्वाने जागेवर सोडियम हायपोक्लोराइट करता येते. ब्लीचिंग पावडर दमट हवेत साठवली, की तिचा जोर ओसरतो. तेव्हा सातपुड्यातील आडवळणाच्या गावाला मीठ आणि वीज यांवर भागणारी ही युक्ती मोलाची आहे. मात्र ऐन पावसाळ्यात पुटामुळे यंत्र अडले, तर नळाला निर्जंतुक न केलेले पाणी येईल.

हे पुट मिठाचे असावे असा पुष्कळांचा समज असतो. तो चुकीचा आहे, कारण मीठ पाण्यात सहज विरघळते. खरे कारण एका साध्या प्रयोगाने दिसते. टीपकागद हळदीच्या पाण्यात बुडवून वाळवा, मग मिठाच्या पाण्याने ओला करा. ९ व्होल्टच्या बॅटरीला जोडलेल्या दोन तारांची टोके त्यावर थोड्या अंतरावर टेकवा. ऋण टोकाजवळ हळद लाल होईल, म्हणजे तेथे अल्क तयार झाले. धन टोकाजवळ क्लोरिनमुळे रंग उडू लागेल. (खिडकी उघडी ठेवा आणि प्रयोग मिनिटभरात आटोपा.)

यंत्रातही हेच घडते. ऋणाग्रावर पाण्यापासून हायड्रोजन वायू सुटतो आणि हायड्रॉक्सिल आयन मागे राहतात. त्या पातळ थरातील पाणी अल्कधर्मी होते. तेथे बायकार्बोनेटचे कार्बोनेट बनून कॅल्शियम कार्बोनेट पट्टीवर बसते. मॅग्नेशियम असेल तर त्याचे हायड्रॉक्साइडही. बाकीचे पाणी अगदी स्वच्छ दिसत असते! पुट विजेला अडवते, विद्युतप्रवाह घटतो आणि क्लोरिन कमी पडतो. पट्ट्यांमधली फट बुजली, तर पाण्याचा प्रवाहही अडखळतो.

उपायही या कारणातूनच निघतो. ठराविक तासांनी विजेची दिशा उलटवली, की कालचे ऋणाग्र धनाग्र बनते. त्याच्याजवळचे पाणी आम्लधर्मी होऊन पुट सुटू लागते. यासाठी दोन्ही पट्ट्या टायटॅनियमच्या, वर रुथेनियम ऑक्साइडसारखा लेप दिलेल्या असाव्या लागतात. दिशा वारंवार उलटवल्यास हा महाग लेप झिजतो, म्हणून त्यात अति करू नये. माझ्या मते त्याहून शहाणपणाचे काम म्हणजे आत जाणारे पाणीच मृदू करणे आणि शुद्ध मीठ वापरणे. मिठागरातील कच्च्या मिठात मॅग्नेशियम व कॅल्शियमचे क्षार असतातच.

तरीही पुट बसलेच, तर सुरीने खरवडू नये, लेप निघतो. यंत्र बंद करून त्यातले पाणी पूर्ण काढावे, स्वच्छ पाण्याने धुवावे आणि मगच सौम्य हायड्रोक्लोरिक आम्ल वापरावे. आम्ल नेहमी पाण्यात ओतावे, पाणी आम्लात नव्हे. आत हायपोक्लोराइट उरले असेल आणि त्यावर आम्ल पडले, तर विषारी क्लोरिन वायू भसकन बाहेर येतो. म्हणून हे काम जाणत्या माणसाने, हातमोजे व चष्मा घालून, उघड्या हवेतच करावे.