तोलेंतिनोचा सुपुत्र, ठाण्याचा रक्तसाक्षी



इटलीच्या यात्रेला जाऊन आलेली माणसे भेटली की रोम, असिसी, पादुआ ही नावे हमखास ऐकू येतात. तोलेंतिनोचे नाव मात्र क्वचितच कानी पडते. सहलीच्या कार्यक्रमपत्रिकेत ते बहुधा नसतेच. खरे पाहता इटलीतील ज्या गावांचे आपल्या ठाण्याशी रक्ताचे नाते आहे, त्यांत तोलेंतिनोचा मान पहिला. हे नाते काय आहे आणि त्यातून आपण काय शिकावे, याचा विचार या लेखात करू.

गाव कसे आहे?

इटलीच्या पूर्व बाजूला, एड्रियाटिक समुद्राच्या अलीकडे, मार्के नावाचा डोंगराळ प्रांत आहे. तेथे जवळपास प्रत्येक टेकडीवर एक जुने गाव वसलेले दिसते. घंटाघर, दगडी रस्ते, मध्यभागी चौक आणि चौकाजवळ चर्च, अशी त्या गावांची ठेवण. तोलेंतिनो हे त्यांपैकीच एक. ते कियेंती नदीच्या काठी आहे. नदीवर तेराव्या शतकातील दगडी पूल आहे. लोक त्याला ‘सैतानाचा पूल’ म्हणतात. १७९७ साली नेपोलियनने पोप सहावे पायस यांच्यावर लादलेला तह याच गावात झाला.

गावाचे सर्वांत प्रसिद्ध संत म्हणजे ऑगस्टिनियन धर्मगुरू संत निकोलस. सुमारे तीस वर्षे ते येथे राहिले आणि १० सप्टेंबर १३०५ रोजी येथेच प्रभुवासी झाले. शुद्धिस्थानातील आत्म्यांसाठी त्यांचा धावा केला जातो. त्यांच्या नावाने आशीर्वादित केलेली भाकर आजारी माणसांना देण्याची प्रथा आहे. त्यांच्या बासिलिकेतील एका मोठ्या कपेलच्या भिंती चौदाव्या शतकातील चित्रांनी भरलेल्या आहेत.

गावात संत कातेर्व यांच्या नावाचे कॅथेड्रलही आहे. आपल्या दृष्टीने ते अधिक महत्त्वाचे, कारण धन्यवादित थॉमस यांचे शीर तेथे जतन केलेले आहे. हे थॉमस आपल्या ठाण्यात रक्तसाक्षी झाले.

धन्यवादित थॉमस कोण होते?

थॉमस यांचा जन्म तेराव्या शतकाच्या मध्यानंतर तोलेंतिनो येथे झाला. ते फ्रान्सिस्कन संघात दाखल झाले. संत फ्रान्सिस यांनी सांगितलेली गरिबी जशीच्या तशी पाळली पाहिजे, असा त्यांचा आग्रह होता. या आग्रहापायी त्यांना आपल्याच संघाच्या वरिष्ठांकडून तुरुंगवास सोसावा लागला. १२८९ च्या सुमारास नवीन संघप्रमुखांनी त्यांची सुटका केली व आर्मेनियाला धाडले. पुढे १३०७ साली चीनमधील मिशनरी जॉन मोंतेकोर्विनो यांचे वृत्त त्यांनी पोप पाचवे क्लेमेंट यांच्या कानी घातले. त्यानंतर जॉन यांना खानबालिक, म्हणजे आजचे बीजिंग, येथील आर्चबिशप नेमण्यात आले.

अखेर थॉमस स्वतः चीनकडे निघाले. तेव्हा त्यांचे वय साठीच्या घरात होते. त्यांच्याबरोबर पादुआचे जेम्स, सिएनाचे पीटर आणि तिफ्लिसचे (आजच्या जॉर्जियातील तिबिलिसी) ब्रदर दिमित्री होते. ब्रदर दिमित्रींना अनेक भाषा येत असत. जॉर्डन कातालानी हे डोमिनिकन धर्मगुरूही सोबत होते. ओर्मुझ बंदरातून निघालेले त्यांचे जहाज कोल्लमला जायचे होते. ते ठाण्याच्या बंदराला लागले.

ठाण्यात काय घडले?

पोर्तुगीज येण्याच्या जवळजवळ दोनशे वर्षे आधीची ही गोष्ट. तेव्हाही ठाण्यात ख्रिस्ती लोक होते. पूर्वेकडील सिरियन परंपरेच्या या लोकांना त्या काळी नेस्तोरियन म्हणत. त्यांची पंधरा घरे ठाण्यात होती, असे ओदोरिक या फ्रान्सिस्कन प्रवाशाने नोंदले आहे. त्याही आधी, सहाव्या शतकात, कॉसमस नावाच्या प्रवाशाने ‘कल्लियाना’ येथे, म्हणजेच आपल्या कल्याणला, पर्शियाहून नेमलेला बिशप असल्याचे लिहून ठेवले आहे. आपल्या परिसरातील श्रद्धेची मुळे इतकी खोल आहेत.

अशाच एका ख्रिस्ती घरी हे धर्मबंधू उतरले. एके दिवशी त्या घरात नवरा-बायकोचे भांडण झाले आणि नवऱ्याने बायकोला मारहाण केली. तिने काजीकडे दाद मागितली. साक्षीदार कोण, असे काजीने विचारले तेव्हा, घरी परदेशी धर्मगुरू उतरले आहेत, असे तिने सांगितले. काजीने त्यांना बोलावणे पाठवले. पीटर सामान सांभाळायला मागे राहिले, बाकीचे तिघे गेले.

तेथे भांडण बाजूलाच राहिले आणि धर्मावर प्रश्न सुरू झाले. ख्रिस्त हा खरा देव आणि खरा मनुष्य आहे, ही आपली श्रद्धा तिघांनी सांगितली. पुढे पैगंबरांविषयी खोदून विचारण्यात आले. त्यांचे उत्तर ऐकून लोक संतापले. जेम्स यांना दोनदा पेटत्या आगीत टाकले, तरी त्यांना इजा झाली नाही, असे ओदोरिक सांगतो. ते पाहून तेथील अधिकाऱ्याने त्यांना गुपचूप खाडीपलीकडे पोहोचवले. तेथे एका मूर्तिपूजक गृहस्थाच्या घरी त्यांना आसरा मिळाला. परंतु काजीच्या आग्रहामुळे अधिकाऱ्याचे मन फिरले. ९ एप्रिल १३२१ रोजी थॉमस, जेम्स आणि दिमित्री यांचा वध झाला. मागे राहिलेल्या पीटर यांना पकडून श्रद्धा सोडण्यासाठी छळण्यात आले. ते ढळले नाहीत. दोन दिवसांनी त्यांनीही प्राण दिला.

अस्थींचा प्रवास

त्या वेळी फादर जॉर्डन बाप्तिस्मा देण्यासाठी दुसऱ्या गावी गेले होते, म्हणून ते वाचले. परत येऊन त्यांनी एका जिनोव्हाच्या तरुणाच्या मदतीने सोबत्यांचे देह सोपारा येथे नेऊन पुरले. त्यानंतर एवढे दुःख पदरी घेऊन ते एकटेच याच किनाऱ्यावर कार्य करीत राहिले. १३२९ साली कोल्लम या धर्मप्रांताची स्थापना झाली आणि जॉर्डन तेथील पहिले बिशप नेमले गेले.

पुढे ओदोरिकने त्या अस्थी बरोबर घेतल्या आणि चीनमधील झैतून बंदरातील फ्रान्सिस्कन मठात पोहोचवल्या. १३३० साली पादुआ येथे त्याने हा सारा वृत्तांत सांगून लिहवून घेतला. थॉमस यांचे शीर यथावकाश त्यांच्या जन्मगावी आले. त्यांच्या भक्तीला पोप तेरावे लिओ यांनी १८९४ साली मान्यता दिली.

आपण काय शिकावे?

पहिली गोष्ट. या हकिगतीची सुरुवात एका ख्रिस्ती घरातील मारहाणीने झाली. रक्तसाक्षींचा गौरव करताना त्या स्त्रीला आपण विसरतो. तिला न्याय मिळाला की नाही, याची नोंद नाही. घरात होणारी मारहाण ही ‘घरातली बाब’ म्हणून दडपायची नसते. आपल्या धर्मग्रामातील एखादी भगिनी सोसत असेल, तर तिने दाद मागावी आणि आपण तिच्या बाजूने साक्षीला उभे राहावे.

दुसरी गोष्ट. ही कथा कोणत्याही धर्माच्या शेजाऱ्याविषयी मनात कडवटपणा आणण्यासाठी नाही. मुंब्रा, भिवंडी, राबोडी येथील मुस्लिम बांधव आपले सहप्रवासी, सहकारी आणि मित्र आहेत. सातशे वर्षांपूर्वीच्या गुन्ह्याचा हिशेब त्यांच्याकडे मागणे अन्यायाचे ठरेल. ओदोरिकच्याच वृत्तांतानुसार दिल्लीच्या सुलतानाने त्या अधिकाऱ्याला बोलावून देहदंड दिला. परक्यांना अडचणीच्या वेळी आसरा देणारा गृहस्थही वेगळ्या धर्माचा होता, हे ध्यानात ठेवावे.

तिसरी गोष्ट. थॉमस यांनी आधी आपल्याच माणसांकडून तुरुंगवास सोसला, तरी ते ख्रिस्तसभेशी एकनिष्ठ राहिले. धर्मग्रामात कोणी दुखावले म्हणून चर्चमध्ये येणे सोडणाऱ्यांनी त्यांच्याकडे पाहावे.

यात्रेला जाणाऱ्यांसाठी

रोमहून अँकोनाच्या मार्गावरील फाब्रियानो येथे गाडी बदलून तोलेंतिनोला जाता येते. ऑक्टोबर २०१६ च्या भूकंपात या भागातील अनेक चर्चना तडे गेले व दुरुस्तीला वर्षे लागली. म्हणून कोणते चर्च खुले आहे, याची चौकशी आधी करावी. जवळच ११४२ साली स्थापन झालेला फियास्त्राचा सिस्टर्सियन मठ आहे. पुढे माचेराता लागते. चीनचे थोर मिशनरी मातेओ रिची यांचा जन्म तेथे १५५२ साली झाला. समुद्राकडे आणखी पुढे गेल्यावर लोरेटो येते. पवित्र मरियेचे नाझरेथचे घर तेथे आहे, अशी परंपरा आहे. जपमाळेनंतर आपण म्हणतो ती मरियेची लितानी याच लोरेटोच्या नावाने ओळखली जाते.

ज्यांना इटलीला जाणे शक्य नाही, त्यांनी खंत करू नये. थॉमस यांचे शीर तोलेंतिनोत असले तरी त्यांचे रक्त आपल्या मातीत सांडले आहे. २०२१ साली त्या घटनेला सातशे वर्षे पूर्ण झाली. येत्या ९ एप्रिलला तलावपाळीजवळच्या संत जॉन बाप्तिस्टा चर्चमध्ये जाऊन घटकाभर प्रार्थना केली, तरी ती यात्राच होईल.

समूहात चर्चेसाठी (वाचन: मत्तय १०:१६-३३)

१. ठाण्याच्या चार रक्तसाक्षींविषयी आपल्या मुलांना काय माहीत आहे? ते कोणी सांगायचे?
२. आपल्या इमारतीत किंवा चाळीत एखाद्या घरी मारहाण होत असेल, तर आपला समूह काय करू शकेल?
३. आपल्या श्रद्धेविषयी कोणी विचारले, तर शेजाऱ्याचा मान राखून आपण स्पष्ट उत्तर देऊ शकतो का?

धन्यवादित थॉमस आणि सोबत्यांनो, आमच्यासाठी विनंती करा.