जुन्या ट्रॅक्टरचे नूतनीकरण : आधी गळती, मग रंग

जुन्या ट्रॅक्टरचे इंजिन व गिअरबॉक्स स्वच्छ करून रंगविण्याचा खरा लाभ शोभेपेक्षा तपासणीत आहे. तेल-धुळीचा थर निघाल्यावरच गळतीचे मूळ दिसते. गळती तशीच ठेवून दिलेला रंग टिकत नाही. शिवाय तेलाची पातळी घटत गेल्यास बेअरिंग व गिअरचे दाते झिजतात.

इंजिन पूर्ण थंड होऊ द्यावे. तापलेल्या बिडावर थंड पाणी पडल्यास तडा जाऊ शकतो. बॅटरीची ऋण तार सोडवावी. एअर क्लीनरचे तोंड, गिअरबॉक्सचा ब्रीदर, स्टार्टर व अल्टरनेटर प्लॅस्टिकने झाकावेत. गिअरबॉक्समध्ये पाणी गेल्यास तेल दुधाळ होते. असे तेल त्वरित बदलावे. जाड थर खरवडून भाग डिझेलने पुसावेत व नंतर साबणाच्या पाण्याने धुवावेत. डिझेलचा अंश राहिल्यास रंग धरत नाही.

सर्व भाग वाळल्यावर आवरणे काढून, बॅटरी जोडून ट्रॅक्टर थोडा वेळ चालवावा. जेथे तेलाचा ओघळ दिसेल तेथील ऑइल सील किंवा गॅस्केट बदलावे. त्यानंतर तारेच्या ब्रशने गंज काढून रेड ऑक्साइड प्रायमर लावावा आणि इनॅमल रंगाचे दोन पातळ हात द्यावेत.

रेडिएटरची जाळी, रबरी नळ्या, पट्टे व अर्थिंगची जागा रंगवू नये. ब्रीदर रंगाने बुजल्यास आतील दाब वाढून नवे सीलही गळू लागते. इंजिन व चासी क्रमांक मात्र स्पष्ट वाचता यावेत. विक्रीच्या वेळी ते नोंदणी प्रमाणपत्राशी जुळवून पाहिले जातात.